पाठपान

१

प्रश्न विचारण्यासाठी कोणाला पगार मिळतो, ही गोष्ट रणबोडीच्या लोकांना काही केल्या पटली नाही. रुपा सकाळी जवाहरनगरहून निघायची, एस.टी.ने साकोली गाठायची, तिथून सानगडीकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये अंग चोरून बसायची आणि फाट्यावर उतरून पायी गावात यायची. तोवर बायका शेतावर गेलेल्या असत आणि पुरुष पानठेल्यावर. मग जो सापडेल त्याला गाठून ती विचारायची, "लढाईच्या पटांगणाशी तुमच्या घराचं नातं काय?"

पटांगण गावाच्या उगवतीला होतं. एक ओसाड माळ, त्याच्या एका अंगाला बोडी, म्हणजे गावचं लहानसं तळं, आणि दुसऱ्या अंगाला मोहाची जुनी झाडं. आजूबाजूला सगळीकडे धानाची खाचरं, गावाच्या भाषेत बांध्या, पण या माळावर कोणी कधी नांगर घातला नव्हता. इथे फार पूर्वी लढाई झाली होती. कोणाची कोणाशी, यावर गावात एकमत नव्हतं. कोणी भोसल्यांचं नाव घ्यायचं, कोणी त्याच्याही मागे जायचं. पानठेल्यावर इश्वरभाऊ बसत. ते एकदा सरपंच होते आणि अजूनही सरपंचासारखेच बसायचे. ते म्हणाले, "लढाई कोनाचीबी असो म्याडम, मेले ते आपलेच."

आता त्या जागी रणभूमी उद्यान होणार होतं. सिमेंटचे खांब गाडून झाले होते, तारा यायच्या होत्या. त्याआधी कोणत्या समाजाचं या जागेशी काय नातं आहे ते नोंदवून ठेवायचं काम नागपूरच्या एका संस्थेने घेतलं होतं, आणि संस्थेने त्यासाठी रुपाला घेतलं होतं.

रुपाने हे काम का घेतलं, ते मात्र संस्थेला माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत, तिचा नवरा अनुप धानाच्या औषधांचे नमुने घेऊन याच भागात आला होता. त्याची मोटरसायकल सानगडीच्या रस्त्याच्या कडेला सापडली, नीट स्टँडवर लावलेली, किल्ली तिलाच. अनुप सापडला नाही. बोड्यांमधून गळ फिरले, दवाखाने पालथे घातले, देवऋषी झाले, पोलीस झाले. मग एकेक जण थकत गेला. न थकलेली दोनच माणसं उरली, रुपा आणि तिचे सासरे मारोतराव, तिचे मामाजी. मारोतराव जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. संध्याकाळी फॅक्टरीच्या बस यायच्या वेळी ते चौकात जाऊन उभे राहत, जरी अनुप कधी फॅक्टरीत नव्हता. कोणी विचारलं तर म्हणत, "घरी येनारी मानसं पाहाले बरं वाटते."

रुपा कुंकू लावायची. लावताना रोज तिचा हात जरासा अडखळायचा. मेलेल्याचं रडता येतं, पण हरवलेल्याचं रडायचं कसं, हे तिला कोणी सांगू शकलं नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं. तो आहे की नाही, एवढं एक कळायला हवं होतं.

२

पटांगणाचं खरं नातं पुष्पाबाईंनी सांगितलं. पुष्पाबाई सत्तरीच्या, घरच्या दोन एकर धानाच्या मालकीण, बोलायला फटकळ आणि चहा पाजायला पुढे. अंगणात धान वाळत घातलं होतं. ते पायाने उलटंपालटं करत त्या सांगत होत्या.

नवं धान घरी आलं की त्याचा पहिला भात रांधायचा. पळसाच्या पानांची पत्रावळ घ्यायची आणि दिवस कलल्यावर सगळ्या गावाने पटांगणावर जायचं. ज्या घरचं माणूस त्या लढाईत पडलं, त्या घराने आपल्या जागी पान मांडायचं, भात-भाजी वाढायची आणि पानाकडे पाठ करून बसायचं. बसून वर्षभराची खबरबात सांगायची. कोणाचं लग्न झालं, कोणाची गाय व्याली, पाणी कसं झालं. दिवस झाडांना टेकला की उठायचं आणि मागे न पाहता घरी यायचं. याला म्हणायचं पाठपान.

"सांगाचं," पुष्पाबाई म्हणाल्या. "विचाराचं नाई."

"का बरं?"

"काहून म्हंजे? नाई विचारत." मग त्या हसल्या. "तुमाले ते जमाचं नाई बाई. तुमाले तर विचाराचाच पगार भेटते."

रुपाही हसली. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, पुष्पाबाईंच्या घरचं कोण पडलं होतं?

"आमचा गोमाजी. त्याले वांगे लय आवडते. तिखट जास्त झालं तं भाजी तशीच ठेवते."

कित्येक पिढ्यांमागचा माणूस, आणि पुष्पाबाई शेजारच्या घरातल्या दिरासारखं त्याच्याबद्दल बोलत होत्या. हे रुपाला नवं नव्हतं. श्रद्धा असली की माणसं असंच बोलतात, हे तिने कामाच्या सुरुवातीलाच शिकून घेतलं होतं. तिने विचारलं, हे कळतं कसं?

"सकाळी पान उचलाले जातो ना. पान पाह्यलं का समजते." पुष्पाबाईंनी पाय थांबवला. "पन दोन-तीन वर्सं झाले, आमच्या पानावर दुसरंच कोनी जेवून राह्यलं. गोमाजीनं लसून कधी सोडला नाई. आता भाजीतला लसून एकेक काढून ठेवलेला राह्यते. पानाच्या कडेले, वळीनं. कोनाचा तरी उपाशी हाये बिचारा. त्याले वाढनारं घर नाई."

रुपाच्या हातातला चहा निवत गेला. अनुप लसूण खात नसे. म्हणजे लसणाशिवायची भाजीही त्याला चालत नसे, वास हवा असायचा. पण पाकळी दिसली की तो ती बोटाने काढायचा आणि ताटाच्या कडेला ओळीने लावायचा, अगदी रांगेत. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ती त्यावरून त्याला किती हसली होती.

३

लसूण न खाणारी माणसं जगात ढिगाने आहेत. रुपाने परतीच्या गाडीत स्वतःला हेच सांगितलं. शिवाय पानावर रात्रभर कोण तोंड घालत असेल याचा काय नेम. कुत्री, मुंगूस, उंदीर. मुंगूसही नको ते बाजूला सारत असेल. ओळीने सारतं का? ओळ कोणी लावली होती? एका म्हातारीच्या डोळ्यांना ती ओळ वाटली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने इश्वरभाऊंना गाठलं. देवाधर्मावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, निदान पानठेल्यावर तरी नव्हता.

"मुंगूसच व्हय म्याडम," ते म्हणाले. "दुसरं कोन येनार?"

"आणि कुत्री?"

इश्वरभाऊंनी सुपारी कातरायची थांबवली. "कुत्रे तिथं जात नाई." थोड्या वेळाने त्यांना स्वतःचंच बोलणं अवघड वाटलं असावं. ते म्हणाले, "लिहून घ्या, तारा लागल्यावर पाठपानाले आमाले आत येऊ द्या म्हना. नाई तं पुढच्या साली मेलेल्याईलेबी तिकिट लावतीन."

दुपारी ती एकटीच पटांगणावर गेली. फोटो काढायचे होते. ऊन स्वच्छ होतं, बोडीत बगळे होते, पलीकडे कुठेतरी मळणीयंत्र घरघरत होतं. भ्यावं असं काही तिथे नव्हतं. तरी तिला जाणवलं की गवतात जागोजागी बसल्यासारखे दाब आहेत, गुरं बसून उठल्यावर राहतात तसे. एकमेकांपासून सारख्या अंतरावर. ती त्यातल्या एकाजवळ वाकली. गवत हळूहळू उभं होत होतं, जणू नुकतंच कोणी उठून गेलं होतं. गुरं असतील, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. आणि मग फोटो न काढताच फाट्याकडे निघाली.

घरी आल्यावर तिने वांग्याची भाजी केली, लसूण घालून. मारोतराव जेवता जेवता थांबले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "अनुप लहानपनापासून असाच. त्याची माय मारे त्याले, तरी वळी लावेच." मग त्यांनी घास उचलला. "येईन तो. मले माहीत आहे."

रुपाला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण काय सांगणार होती? गावात एका पत्रावळीवर तुमच्या मुलाची खूण आहे आणि ती पत्रावळ मेलेल्यांची आहे, असं? हा म्हातारा आशेवर चालत होता. ती काढून घेतली तर त्याचे पाय जागच्या जागी बसले असते.

४

"जित्या मानसाचं पान मांडत नाई," पुष्पाबाई म्हणाल्या.

रुपाने त्यांना सगळं सांगितलं होतं. मोटरसायकल, किल्ली, लसूण. पुष्पाबाईंनी मधे एकदाही तोंड उघडलं नव्हतं, आणि हे त्यांच्या बाबतीत नवल होतं.

"जिवंत आहे की नाही, तेच तर माहीत नाही ना आजी."

"जित्ता असन तं कोनी येनार नाई. पान तसंच राहीन. बरंच हाये." त्यांनी रुपाकडे नीट पाहिलं. "पन आला तं?"

गेली तीन वर्षं रुपाने एकच गोष्ट मागितली होती, की तो यावा. आणि आता तो आला तर तो गेलेला ठरणार होता. देवाने ऐकलं तरी मरण आणि नाही ऐकलं तरी वाट बघणं. अशी मागणी कोणी कोणाकडे करायची?

"मला कळायला हवं," ती म्हणाली. "मग जे असेल ते असेल."

पुष्पाबाई उठल्या, घरात गेल्या आणि पळसाची पानं घेऊन आल्या. तिच्याशेजारी बसून त्यांनी पत्रावळ टाचायला घेतली.

"माह्या बाजूले बसजो," त्या म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच तिला पोरीसारखं म्हटलं होतं. "सांगजो काय सांगाचं ते. तुह्या मनात विचाराचं येईन. येतेच. मलेबी येते. माहा मालक गेला तवा मलेबी वाटलं होतं, गोमाजीले विचारावं, आमचा मानूस तुमच्याकडं आला का. नाई विचारलं. दात दाबून बसली. आपन विचारलं का मंग तेबी विचारते, अन् मंग सुटत नाई."

५

पाठपानाच्या दिवशी रुपाने घरीच भात-भाजी रांधून डब्यात घेतली. मारोतरावांना म्हणाली, गावात कार्यक्रम आहे, उशीर होईल. ते म्हणाले, "दिवसा दिवसा ये बेटा. आजकाल मले एकट्यानं घर खायाले उठते."

दिवस कलला तसं गाव निघालं. ना वाजंत्री, ना झेंडे. हातात पत्रावळी, डबे, पाण्याचे लोटे. इश्वरभाऊही होते, पानठेल्यावरचा अविश्वास घरी ठेवून. माणसं सिमेंटच्या खांबांमधून वाट काढत आपापल्या जागी गेली. जागा कोणाला सांगाव्या लागल्या नाहीत. सगळ्यांनी पानं मांडली, वाढलं, आणि मावळतीकडे तोंड करून, पानांकडे पाठ करून बसले. मग हळू आवाजात बोलणं सुरू झालं. मोटारपंप जळला. नातीला नोकरी लागली. धान यंदा बरं आहे. ऐकायला किती साधं होतं ते. रुपाला वाटलं, हेच लिहायला हवं, नातं नातं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं.

तिने पुष्पाबाईंच्या शेजारी पान मांडलं. भात, वर वांग्याची भाजी. पाठ फिरवून ती बसली आणि तिला काही सुचेना. शेजारी पुष्पाबाई गोमाजीला आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत होत्या. शेवटी रुपाही बोलू लागली.

"मामाजींचा मोतीबिंदू काढला. डाव्या डोळ्याचा. आता पेपर वाचतात. तुमची गाडी मी अंगणात ठेवली आहे, रविवारी पुसते. चालू होत नाही, पण पुसते. समोरच्या काकू वारल्या. मी नोकरी धरली. तुमचे शर्ट मामाजी घालतात, म्हणतात कपाटात ठेवून कसर लागते. मला आवडत नाही, पण मी बोलत नाही. तुम्ही असता तर त्यांना सांगितलं असतं."

मागे पत्रावळ करकरली.

वारा असेल, तिने ठरवलं. पण गवत हलत नव्हतं. करकर पुन्हा झाली, आणि मग जेवण्याचा आवाज आला. सावकाश, भुकेल्या पण रीतभात असलेल्या माणसाचा. मुंगूस असं जेवत नाही.

तिला आनंद झाला. आधी आनंदच झाला, अंगभर, लग्नात झाला असेल तेवढा. आणि मग आनंद कशाचा झाला ते तिला कळलं, आणि डोळ्यांसमोरचा सूर्य तिला दिसेनासा झाला.

ती बोलतच राहिली. सांगण्यासारखं संपलं तेव्हा खोटं सांगू लागली. गाडी दुरुस्त झाली. अंगणात लिंबू लावलं, फळं धरली. मामाजी हसतात. आवाज थांबू नये एवढंच तिला हवं होतं. सूर्य मोहाच्या शेंड्यांवर आला. तो झाडांना टेकला की उठायचं, आणि उठल्यावर ही तीन वर्षं जन्मभराची होणार. आणि तरीही शंका गेली नव्हती. गोमाजी असेल. दुसरा कोणी उपाशी असेल. कोणाच्या तरी नवऱ्याला आपला समजून कुंकू पुसायचं का?

पुष्पाबाईंनी सांगितल्याप्रमाणे तिने दात दाबले. अगदी घट्ट दाबले. मग ती म्हणाली, "अहो, तुमीच आहा ना?"

६

मागचं जेवण थांबलं. आणि फक्त तिच्याच मागचं नाही. सगळ्या माळावरून एक आवाज बंद झाला. तो चालू आहे हे इतका वेळ तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

गावाचं बोलणंही थांबलं. माणसं अर्ध्या वाक्यावर उठू लागली. कोणी ओरडलं नाही, कोणी धावलं नाही. ती नुसती उठली आणि समोर बघत गावाकडे चालू लागली. पुष्पाबाई तिच्याजवळून जाताना तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "ऊठ बेटी. बोलू नको. ऊठ अन् माह्यासंगं चाल." त्या थोडा वेळ थांबल्या आणि मग त्याही गेल्या.

रुपा उठली नाही. तिचा उजवा हात गवतावर टेकलेला होता. त्याच्याशेजारी दुसरा एक हात येऊन टेकला. तिने मान वळवली नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात तेवढं दिसत होतं. मनगटापर्यंतच दिसत होतं. बांधीतला चिखल वाळून नखांत बसलेला. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी फिकट कातडी, बाकीचा हात उन्हाने रापलेला. फिरतीवरच्या माणसाचा हात.

"बाई," मागून आवाज आला, "तुमी कोनाच्या घरच्या?"

आवाज त्याचाच होता. तीन वर्षं ती स्वप्नात जो आवाज ऐकायला धडपडत होती तो, तसाच, जरासा घोगरा. फिरतीवर एखाद्या घराचा पत्ता विचारताना तो बायकांशी असाच बोलायचा, अदबीने, परक्यासारखं.

"मी रुपा," ती म्हणाली.

"रुपा," त्याने म्हणून पाहिलं. ते नाव त्याच्या आत कुठे पोचल्याचं काही कळलं नाही.

तिचे डोळे वाहू लागले. तिला वाटलं होतं, तो असेल किंवा नसेल. हे तिसरं तिने कधी धरलंच नव्हतं. आता तिला समजलं की गाव दर वर्षी इथे येऊन गाईगुरांची खबर का सांगतं. जेवढं सांगितलं तेवढंच त्यांच्याजवळ उरतं.

पर्समध्ये फोन वाजला. तिने तो काढला. मामाजी.

"ते कोन व्हय?" मागून विचारलं.

"मामाजी. तुमचे बाबा."

फोन वाजत राहिला. सूर्य झाडांआड गेला होता.

"मले बाप आहे?" तो म्हणाला.

आयुष्यात कोणी कोणाला इतक्या आशेने काही विचारलं नसेल. रुपाला आजवर वाटत होतं, वाट फक्त जिवंतांच्याच बाजूने पाहिली जाते. तिच्याने राहवलं नाही. तिने बटण दाबलं आणि मागे न वळता फोन खांद्यावरून धरला.

"बेटा, कोठी आहेस वं?" मारोतराव बोलत होते. "अंधार पडून राह्यला. मी चौकातच उभा आहो."

तिच्या हातातून फोन हळूच काढून घेतला गेला.

"बाबा?" मागचा आवाज म्हणाला. नवीन शब्द जिभेवर ठेवून बघावा तसा.

पलीकडे फॅक्टरीच्या बसचा आवाज येत होता. उतरणाऱ्या माणसांची बोलणी येत होती. मारोतरावांनी काहीच विचारलं नाही, कोण म्हणून नाही, कुठे होतास म्हणून नाही. ते फक्त म्हणाले, "तेथंच थांब बेटा. हालू नको तेथून. मी येऊन राह्यलो."

नको म्हणायला रुपाने तोंड उघडलं. मागे तो फोन कानाशी धरून लहान मुलासारखा हसला, आणि ती काहीच बोलली नाही.